वसाहतवादावर बोलायला जमलेले आम्ही

किस्से कोणी गोळा करत नाही हो, ते आपोआप साचतात. स्टाफरूमच्या कपाटावर जुनी मासिकं साचतात ना, कोणी मुद्दाम ठेवत नाही आणि कोणी टाकतही नाही, तसे. मग एखाद्या दिवशी काही शोधायला हात वर जातो आणि सगळा गठ्ठा डोक्यावर!

वसईतल्या आमच्या कॉलेजात दर शनिवारी दुपारी आम्ही काही प्राध्यापक जमतो. मंडळाचं नाव आहे ‘वसाहतवादाचा वारसा, संस्थांची जबाबदारी आणि तंत्रज्ञान’. नाव पूर्ण उच्चारेपर्यंत चहा गार होतो! मी सावंत, इतिहास शिकवते, राहते बोळिंजला. मंडळाचे प्रमुख मेनेझिस सर. राज्यशास्त्राचे, वसईतलेच, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली आणि जिभेला धार. तिसरी आमची सायली, कॉम्प्युटर विभागातली, एव्हरशाईनला राहते, वयाने सगळ्यात लहान आणि कामाला सगळ्यात मोठी.

पेपर किती वाचले ते आता आठवत नाही. पण ज्या गोष्टींवर आम्ही पेपर वाचत होतो त्या आमच्याच इमारतीत, आमच्याच नाकासमोर घडत होत्या! हे कळायला मात्र वेळ लागला, आणि दर वेळी धक्का नवाच.

*

पहिला किस्सा पत्राचा. कॉलेजचं ऑफिस ‘पेपरलेस’ झालं. सगळ्या पत्रांचे मसुदे कॉम्प्युटरमध्ये भरले. नाव टाका, बटण दाबा, पत्र तयार!

त्याच आठवड्यात कॅन्टीनमध्ये मारामारी झाली. आगाशीच्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांना ईमेल गेला. मजकूर कडक. आपल्या पाल्याला आठ दिवस वर्गात बसता येणार नाही, पुन्हा असं घडल्यास नाव कमी करण्यात येईल, वगैरे वगैरे.

दुसऱ्या दिवशी वडील हजर. गृहस्थांची केळीची वाडी, माणूस शांत. प्रिंटआऊट काढून आणलेला. प्राचार्यांसमोर ठेवला आणि म्हणाले, “सर, खालची ओळ जरा वाचता का?”

प्राचार्यांनी वाचली. ‘आपला अत्यंत नम्र व आज्ञाधारक सेवक, प्राचार्य.’

“मग माझी आज्ञा आहे,” गृहस्थ म्हणाले, “पोराला उद्यापासून वर्गात घ्या!”

चौकशी झाली. ही ओळ आली कुठून? जुन्या फाइलमधून. फाइलमध्ये कुठून? त्याच्या आधीच्या फाइलमधून. मागे मागे जात आम्ही थेट साहेबाच्या कचेरीतल्या इंग्रजी पत्रांपर्यंत पोचलो. तिथली सही कोणीतरी भाषांतर करून घेतली होती आणि पुढे प्रत्येकाने न वाचता उतरवली होती.

मेनेझिस सर म्हणाले, “साहेब गेला, सेवक राहिला! आणि आता तर तो सॉफ्टवेअरमध्ये गेला, म्हणजे अमर झाला.”

ओळ काढण्यासाठी ऑफिसने रीतसर अर्ज वर पाठवला. मी तो स्वतः पाहिला. खाली लिहिलं होतं, ‘आपला अत्यंत नम्र व आज्ञाधारक सेवक’!

*

मग परिसंवाद. विषय ‘सर्वसमावेशक तंत्रज्ञान’. उद्घाटनाला मंत्री नको, कुलगुरू नको, ज्यांच्याबद्दल आपण बोलतो त्यांनाच बोलवू, असं ठरलं. अर्नाळ्याच्या जनाबाईंना बोलावलं. मासळी बाजारात त्यांचा शब्द चालतो. बोलायला लागल्या की चारजणी हातातला कोयता खाली ठेवून ऐकतात.

गेटवर नवं यंत्र बसवलं होतं. पाहुण्यांनी बोट ठेवायचं, नोंद झाली की दार उघडणार. मी आणि सायली जनाबाईंना घ्यायला गेलो. त्यांनी बोट ठेवलं. लाल दिवा. दुसरं बोट. लाल दिवा. दहाही बोटं झाली!

“मावशी, हात जरा पुसून ठेवा ना,” सायली म्हणाली.

जनाबाईंनी हात पालथा केला, सुलटा केला, तिच्यासमोर धरला. “बाय, चालीस वरसं कोलंबी सोलते मी. बोटावरच्या रेषा कोलंबीनं नेल्या. आता त्या कुठून आनू?”

अंगठ्याचा ठसा सरकारी कामात इंग्रज अंमलदारांनी रुळवला, हे मी वर्गात शिकवते. नेटिव्हच्या शब्दावर भरवसा नाही म्हणून शरीराची खूण घ्यायची! इतकी वर्षं शिकवताना एकदाही माझ्या डोक्यात आलं नव्हतं की काम करून करून ती खूणच झिजत असेल.

आत प्रमुख वक्त्यांचं भाषण सुरूही झालं होतं. यंत्राला डावलून दार उघडायची परवानगी वॉचमनला नव्हती. ज्यांना होती ते आत बसून भाषण ऐकत होते! शेवटी आम्ही उद्घाटकांना कॅन्टीनच्या बाजूने, भांडी घासायच्या जागेतून आत नेलं.

जनाबाई माईकसमोर उभ्या राहिल्या. सभागृह गच्च. त्या एवढंच बोलल्या, “मी अर्नाल्याची जनाबाई. तुमी मला बोलावलं म्हनून आले. मागल्या दारानं आले.”

आणि जाऊन खुर्चीवर बसल्या. त्या दिवशी पुढचे तीन पेपर कोणी नीट ऐकले असतील असं मला वाटत नाही.

*

मेनेझिस सरांचा स्वतःचा किस्सा खरं तर त्यांच्याच तोंडून ऐकावा, पण मी सांगते.

सर बरीच वर्षं आपल्या खापरपणजोबांच्या बाप्तिस्म्याची नोंद शोधत होते. इथल्या चर्चच्या जुन्या वह्या काही राहिल्या, काही ओल लागून गेल्या, काही बाहेर गेल्या. एक दिवस सायलीने शोधून दिलं. परदेशातल्या एका ग्रंथालयाच्या वेबसाइटवर आपल्याच गावची नोंदवही, पानन् पान स्कॅन केलेली!

सरांनी चष्मा पुसला, माऊस धरला, क्लिक केलं. पडद्यावर एक चौकट आली. त्यात इंग्रजीत लिहिलं होतं की तुमच्या देशातून हे पान पाहण्याची परवानगी नाही.

सरांनी तीनदा वाचलं. “म्हणजे जगात सगळ्यांना दिसतं, आणि ज्यांचं आहे त्यांनाच नाही?”

त्यांनी ईमेल लिहिला. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. या साहित्याशी तुमचा संबंध काय, हे मान्यताप्राप्त संस्थेच्या पत्राने सिद्ध करावं.

“संबंध? अहो, मी त्यांचा खापरपणतू!” सर स्टाफरूममध्ये ओरडले.

संस्थेचं पत्र म्हणजे आमच्या कॉलेजचं पत्र. ऑफिसने विचारलं, कुठल्या नियमाखाली द्यायचं? खापरपणजोबांसाठी पत्र देण्याचा नियम नाही! अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला.

शेवटी सरांची पुतणी धावून आली. ती त्याच देशात नर्स आहे. तिने घरी बसून, मोबाइलवर, अर्ध्या मिनिटात पान उघडलं आणि व्हिडिओ कॉल लावला. आम्ही सगळे सरांच्या मागे गोळा झालो. सर उभे राहिले. पुतणीने नाव वाचलं. सरांनी क्रूसाची खूण केली. त्यांचे डोळे भरले होते.

“काका, पुढे बापाचा धंदापण लिहिलाय.”

सरांच्या घरात पिढ्यान् पिढ्या सांगत आलेले, आपण मूळचे मोठे जमीनदार, अर्धं गाव आपलं होतं!

पुतणी अडखळत म्हणाली, “लिहिलंय... दुसऱ्याच्या वाडीवर मजूर.”

सर हळूच खुर्चीत बसले. “म्हणजे,” ते म्हणाले, “माझ्यावर पहिली बंदी घरच्यांनीच घातली होती!”

*

पास्कल अंकल सरांचे शेजारी. वय ऐंशीच्या पुढे, भाजीची वाडी. गावातल्या जुन्या घरांची आपली वेगळी बोली आहे. ती बोलणारे कमी होत चाललेत, म्हणून आम्ही त्यांची मुलाखत रेकॉर्ड करायची ठरवली. अंकल दोन तास बोलले. विहिरी, रहाट, लग्नातली गाणी, पानवेलीचे मांडव. सर मधेमधे डोळे पुसत होते.

सायलीने रेकॉर्डिंग एका नवीन सॉफ्टवेअरला दिलं, बोललेलं लिहून देणाऱ्या. उत्तर आलं, ‘भाषा आढळली नाही.’

अंकल गंभीरपणे म्हणाले, “आढळली नाही? मग पन्नास वर्षं बायको माझ्याशी भांडते ती कशात?”

आम्ही हसलो आणि विसरलो. खरा धक्का चार महिन्यांनी बसला. परदेशातल्या एका संशोधक मुलीचा ईमेल आला. तुमच्या संग्रहातल्या वृद्ध खलाशाची मुलाखत अप्रतिम आहे, वादळाचं वर्णन वाचून मी थरारले, माझ्या प्रबंधात त्यावर एक प्रकरण आहे.

खलाशी? वादळ? आमच्या संग्रहात?

सायलीने लॅपटॉप उघडला आणि तिचा चेहरा पांढरा पडला. सॉफ्टवेअरने ‘आढळली नाही’ म्हणून गप्प बसायचं सोडून नंतर आपल्या मनाने भाषा निवडली होती. वक्त्याचं नाव पास्कल, गाव वसई, म्हणजे भाषा पोर्तुगीज! आणि न समजलेल्या प्रत्येक शब्दाच्या जागी काहीतरी पोर्तुगीज वाक्य बसवलं होतं. रहाटाचं जहाज झालं होतं. विहिरीचा समुद्र! वर त्याचं छानसं इंग्रजी भाषांतरही केलं होतं. आणि बाकीच्या मुलाखतींसोबत ते न तपासता वेबसाइटवर कोणी चढवलं? आम्ही. वसाहतवादाच्या वारशावर दर शनिवारी बोलणाऱ्या मंडळाने!

आम्ही त्या मुलीला खरं कळवलं, पान उतरवलं, आणि तोंड पाडून अंकलकडे माफी मागायला गेलो.

अंकल दुधीच्या मांडवाखाली बसले होते. सगळं ऐकून घेतलं. “मी खलाशी?” ते म्हणाले. “अरे, त्या रो-रो बोटीतनं भाईंदरला जाताना मला ओकारी होते!”

मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, “पण मी जे खरंच बोललो, ते आता कुठाय?”

मूळ आवाज सायलीने पेनड्राइव्हवर जपून ठेवला होता, नशीब आमचं! मेनेझिस सर आता रोज संध्याकाळी अंकलच्या ओट्यावर बसतात आणि ते दोन तास हाताने लिहून काढतात. सहा महिने झाले. अजून रहाटापर्यंतच पोचलेत.

*

पुढचा किस्सा सांगताना मला आजही कसंतरी होतं. पण सांगते.

आमच्या ग्रंथालयात एक जुना अर्ज होता. इंग्रजांच्या काळातला. मिठागरासाठी जमीन घेऊ नये म्हणून एका गावाने केलेला. मजकूर कुणा कारकुनाकडून लिहून घेतलेला, आणि त्याखाली पानभर अंगठे. काही ठसठशीत, काही फिसकटलेले. एक इतका लहान की हा कोणा बाईचा असावा असं मला नेहमी वाटायचं. दरवर्षी मी तो वर्गाला दाखवायचे. मुलं एरवी मोबाइल बघत असतात, पण या पानावर वाकून वाकून बघायची.

जुनी कागदपत्रं स्कॅन करायचं काम एका कंपनीला दिलं. तरुण इंजिनिअर आले, झटपट काम केलं. “मॅडम, एकदम क्लीन करून देतो!”

वर्षभराने वर्गात पडद्यावर तो अर्ज लावला. मजकूर कसा लख्ख! कागद पांढराशुभ्र. आणि मजकुराखाली काही नाही. कोरं!

मला वाटलं, पुढच्या पानावर असेल. नव्हतं. सायलीला बोलावलं. तिने पान मोठं करून पाहिलं आणि म्हणाली, “मॅम, सॉफ्टवेअरने डाग काढलेत.”

“डाग?”

“अंगठे. त्याला ते डाग वाटले.”

धावत ग्रंथालयात गेले. मूळ कागद? मूळ कागदांना वाळवी लागली होती, स्कॅन झालेच होते, म्हणून त्यांचं ‘निर्लेखन’ झालं. ऑफिसच्या भाषेत सामान मोडीत काढण्याला निर्लेखन म्हणतात. शब्द तरी कसा!

मी अक्षरशः भांडायला निघाले. प्राचार्य म्हणाले, कंपनीला विचारा. कंपनी म्हणाली, आम्हाला मंजुरी मिळाली म्हणून पुढे गेलो. ऑफिस म्हणालं, मंजुरी तपासणी समितीने दिली. मी म्हटलं, बोलवा त्या समितीला! कोण बसलंय तिथे? एका माणसाने तरी मूळ कागद शेजारी ठेवून पाहिलं का?

क्लार्कने निमूटपणे फाइल माझ्यापुढे ठेवली. ‘काम तपासले. समाधानकारक आहे.’ खाली सही.

माझी!

*

आणि हा अश्विनीचा.

अश्विनी पहिल्या वर्षाला आली तेव्हा मला ती आवडली कारण ती प्रश्न विचारायची. विरारच्या पूर्वेला डोंगराकडे पाडे आहेत, तिथली. बारावीला तालुक्यात नाव काढलेलं. माझ्या तासाला पहिल्या बाकावर. पण एक खटकायचं. रोज पाच मिनिटं उशीर. आणि संदर्भग्रंथ घरी न्यायला सांगितले की गप्प बसायची.

एक दिवस मी जरा रागावलेच. “अश्विनी, रोज उशीर का?”

“बॅग तपासतात ना मॅडम, त्याला वेळ लागतो.”

“कोण तपासतं?”

“गेटवर. कार्ड लावलं की लाल लागतं, मग बाजूला घेतात.” माझा चेहरा बघून ती गोंधळली. “सगळ्यांचीच तपासतात ना?”

आमच्या कॉलेजात कोणाचीही बॅग तपासत नाहीत!

सायलीला गाठलं. त्या वर्षी ‘स्मार्ट कॅम्पस’ नावाची यंत्रणा आली होती. प्रत्येक विद्यार्थ्याला हिरवा, पिवळा किंवा लाल रंग. वर्गात न बसणारी, नापास होऊ शकणारी मुलं आधीच ओळखता यावीत म्हणून, असं आम्हाला सांगितलं होतं. आम्ही टाळ्याही वाजवल्या होत्या. अश्विनीचा रंग लाल. कधीपासून? प्रवेश घेतला त्या दिवसापासून! एकही तास झालेला नसताना. लाल म्हणजे गेटवर तपासणी, लाल म्हणजे पुस्तक घरी न देणं.

“सिस्टीमने ठरवलंय,” ऑफिस म्हणालं. “तुम्ही दिलेल्या डेटावरून ठरवलंय,” कंपनी म्हणाली.

सायली तीन दिवस त्या डेटात डोकं घालून बसली. चौथ्या दिवशी शनिवार होता. तिने लॅपटॉप आमच्यासमोर ठेवला.

कंपनीने जुनं सगळं रेकॉर्ड मागितलं होतं. ऑफिसने कपाटं उघडून दिली होती. कॉलेजच्या आधी इथे एक बोर्डिंग होतं, त्याच्या फाइली. त्यात इंग्रजांच्या पोलिसांचं एक परिपत्रक. सरकारने कायदा करून काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं होतं, त्या काळातलं. खाली पाड्यांची यादी. या ठिकाणच्या मुलांवर नजर ठेवावी. कायदा कधीचाच रद्द झाला. परिपत्रक कोणी रद्द केलं नाही, कारण ते आहे हेच कोणाला माहीत नव्हतं. यंत्राने मात्र ते वाचलं होतं. आणि पाळलं होतं!

अश्विनीचा पत्ता त्या यादीतला.

मेनेझिस सर उठले, लॅपटॉप तसाच उघडा उचलला आणि प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेले. आम्ही मागोमाग. प्राचार्यांनी वाचलं. माणूस वाईट नाही, हे मी मुद्दाम सांगते. त्यांनी तिथल्या तिथे कंपनीला फोन लावला आणि म्हणाले, “आत्ता. याच क्षणी काढा.” मग सायलीने पडद्यावर खात्री करून घेतली. अश्विनीचा लाल जाऊन हिरवा झाला होता. तिने लॅपटॉप मिटला.

प्राचार्यांनी अश्विनीला बोलावून घेतलं. ती दारातच उभी राहिली, सवयीने बॅग पुढे धरून.

“बॅग ठेव बाळा,” प्राचार्य म्हणाले. ते खुर्चीतून उठले होते. त्यांनी तिला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. फाइलमधून मागवलेला तो कागदही दाखवला.

अश्विनीने तो सावकाश वाचला. “पणजोबांना रोज चौकीवर हजेरी द्यायला लागायची,” ती म्हणाली. “आजी सांगते. मला वाटायचं, ती वाढवून सांगते.”



“कॉलेजच्या वतीने मी तुझी माफी मागतो,” प्राचार्य म्हणाले. “तुझं नाव आम्ही त्यातून काढलंय. यापुढे कोणी तुझी बॅग तपासणार नाही.”

अश्विनीने कागदावरच्या पाड्यांवरून बोट फिरवत नेलं, शेवटच्या ओळीपर्यंत. मग वर पाहिलं.

“माझं एकटीचंच काढलं का, सर?”

प्राचार्य खाली बसले. सायलीने मिटलेला लॅपटॉप पुन्हा उघडला.